मिलफर्ड साउंडला पाऊस असेल तर जावं का? एकच दिवस हातात असलेल्या कुटुंबासाठी

नमस्कार. तुमचा प्रश्न मला समजला तो असा. दिवाळीची सुट्टी जोडून नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात तुम्ही चौघं न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर येताय: तुम्ही, पत्नी, नऊ वर्षांची मुलगी आणि एकोणसत्तर वर्षांच्या तुमच्या आई, ज्यांचे गुडघे दुखतात. मिलफर्ड साउंडसाठी एक दिवस ठेवलाय, सकाळी क्वीन्सटाउनहून निघून रात्री परत. बोटीचं बुकिंग अजून केलेलं नाही, कारण जिथे वाचावं तिथे पाऊस लिहिलाय. पावसात काही दिसणारच नसेल तर तो दिवस दुसरीकडे वळवावा का, असं तुम्ही विचारलंय. शेवटी पेंग्विनचंही विचारलंय, तो प्रश्न बहुधा मुलीचा असावा.

मी मूळची चिपळूणची. गेली तेरा वर्षं क्वीन्सटाउनला राहते आणि लहान व्हॅनमधून पाहुण्यांना फियोर्डलँड दाखवते. फियोर्ड म्हणजे हिमनदीने कोरलेली, समुद्र आत शिरलेली दरी; मिलफर्ड साउंड हा त्यातलाच एक. त्यात मराठी कुटुंबं बरीच असतात आणि हा प्रश्न दर हंगामात कुणी ना कुणी विचारतंच. माझं उत्तर आधीच सांगते: पावसामुळे बेत रद्द करू नका. पण क्वीन्सटाउनहून एका दिवसात जाऊन येण्याचा बेत मात्र बदला. तुमची खरी अडचण तिथे आहे.

आधी पावसाबद्दल. मिलफर्डला वर्षाला साडेसहा हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, म्हणजे आपल्या आंबोलीच्या तोडीचा. फरक एवढाच की आंबोलीला तो चार महिन्यांत कोसळतो आणि मग आकाश मोकळं होतं. मिलफर्डला तो बारा महिन्यांत वाटून येतो. वर्षातले जवळपास निम्मे दिवस तिथे पावसाचे. इथला हिवाळा, म्हणजे जून ते ऑगस्ट, त्यातल्या त्यात कोरडा. तुमचा नोव्हेंबर ओलाच असणार. तेव्हा 'पाऊस नसलेला दिवस निवडू' हा विचार मनातून काढून टाका. तस्मान समुद्रावरून आलेले ढग सरळ उभ्या डोंगरांवर आपटतात आणि तिथेच रिकामे होतात. आपल्याकडे अरबी समुद्राचे ढग सह्याद्रीला अडतात, त्यातलाच हा प्रकार.

आता मुख्य गोष्ट. ही जागा ज्यासाठी प्रसिद्ध आहे ते धबधबे म्हणजे पाऊसच आहे. मिलफर्डला बारमाही म्हणावेत असे मोठे धबधबे दोनच. एक बंदराजवळचा लेडी बोएन, १६२ मीटरचा. दुसरा बोटीच्या वाटेवरचा स्टर्लिंग, दीडशे मीटरहून थोडा जास्त. बाकी फोटोंत जे शेकडो धबधबे दिसतात ते पाऊस सुरू झाल्यावर जन्मतात आणि थांबल्यावर काही तासांत नाहीसे होतात. कारण सोपं आहे. हिमनदीने कोरून काढलेल्या त्या भिंती अखंड, कठीण खडकाच्या आहेत. माती जवळजवळ नाहीच. आपल्याकडे सड्यावर पडलेलं पाणी मुरतं, साठतं आणि नंतर दोन-चार दिवस झिरपत राहतं, म्हणून कुंभार्ली घाटातले ओहोळ पावसाने उघडीप दिली तरी वाहत असतात. इथे पाणी धरून ठेवायला काही नाही. पडलं की सुटलं.

त्यामुळे लख्ख उन्हाचा दिवस मिळाला तर माइटर पीक या डोंगराचं सुमारे १,६९० मीटरचं टोक निळ्या आकाशात स्वच्छ दिसेल, पाण्यात प्रतिबिंब दिसेल, फोटो अप्रतिम येतील, पण धबधबे दोन. मागे पुण्याचं एक कुटुंब अशाच दिवशी माझ्याबरोबर होतं. परतताना त्यांच्या आजोबांनी हळूच विचारलं, "बाकीचे धबधबे कुठल्या बाजूला होते?" त्याउलट गेल्या वर्षी मुसळधार पावसात दहा वर्षांच्या एका मुलाने बोटीवर धबधबे मोजायला घेतले. ऐंशीच्या पुढे त्याचा हिशोब चुकला, कारण ढग सरकला की मागून आणखी पाच-सहा दिसायचे. वारा जोराचा असेल तर बारीक धार खाली पोचतच नाही, अर्ध्यातून वर उडते. नाणेघाटातला उलटा धबधबा तुम्ही पाहिला असेल, तसंच.

या पावसाचा आणखी एक परिणाम तुम्हाला बोटीतून दिसेल, तो मुलीला आवर्जून दाखवा. त्या उभ्या भिंतींवर झाडं आहेत, पण ती मातीत रुजलेली नाहीत. खडकावर आधी शेवाळ धरतं, त्यावर नेचे, आणि त्यांच्या आधाराने झाडं. मुळं एकमेकांत गुंतलेली असतात, सगळ्यांनी एकमेकांना धरून ठेवलेलं असतं. मोठ्या पावसात ओझं वाढलं की वरचं एखादं झाड सुटतं आणि खालच्या सगळ्यांना ओढत पाण्यापर्यंत घेऊन येतं. याला इथे झाडांची दरड म्हणतात. भिंतींवर फिक्या, उघड्या उभ्या पट्ट्या दिसतात त्या या दरडींच्या. शेजारीच पोपटी रंगाची पट्टी दिसली तर तिथे जुनी दरड पडून पुन्हा शेवाळ धरलंय असं समजा.

आता कशावर काय अवलंबून आहे ते सांगते, कारण प्रत्येक पावसाळी दिवस चांगला असतो असं मी म्हणणार नाही. सर येते-जाते, ढग वर-खाली होतात, असा दिवस उत्तम. रात्रभर धो-धो पडून सकाळी उघडलं तर त्याहून उत्तम. तसा दिवस मिळाला तर घाई करून सकाळचीच बोट गाठा. वाईट दिवस कोणता? दिवसभर नुसती भुरभुर, धबधबे फुटायला पुरेसं पाणी नाही आणि ढग पाण्यापर्यंत उतरलेले. त्या दिवशी खरंच फार कमी दिसतं. असे दिवस येतात. पण फियोर्डमधलं हवामान तासातासाला बदलतं, त्यामुळे सकाळी टे आनाऊ या वाटेवरच्या गावी खिडकीतून राखाडी आकाश पाहून निराश होऊ नका. मिलफर्डच्या रस्त्यावरच्या होमर बोगद्याच्या अलीकडे एक हवा आणि पलीकडे दुसरी, हे मी कितीदा पाहिलंय. मोबाइलच्या ॲपवर ढग आणि थेंबाचं चित्र रोजच असतं. त्यातून थांबून थांबून पडणारा पाऊस आणि झड यांतला फरक कळत नाही.

खरा अडथळा रस्त्याचा आहे. टे आनाऊ ते मिलफर्ड हा सुमारे १२० किलोमीटरचा एकच रस्ता. दुसरी वाट नाही. अतिवृष्टी झाली किंवा वर बर्फ साचलं की तो बंद होतो. २०२० च्या फेब्रुवारीत अडीच दिवसांत हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला तेव्हा रस्ता ठिकठिकाणी वाहून गेला, शेकडो लोक अडकले, हेलिकॉप्टरने बाहेर काढावे लागले. तो टोकाचा प्रसंग. पण हिमप्रपाताचा धोका साधारण मे ते नोव्हेंबर असतो, म्हणजे तुमची तारीख त्याच्या शेपटात येते. वसंतात वरचा बर्फ वितळून सुटतो, त्यावर पाऊस पडला की धोका वाढतो. मग रस्ता काही तास, क्वचित एक-दोन दिवस बंद ठेवतात. 'इथे थांबू नका' अशा पाट्या लावलेल्या पट्ट्यात खरोखरच थांबायचं नाही, फोटोसाठीसुद्धा नाही. वर बर्फाचा उतार असतो आणि खालून तो दिसत नाही.

हे सांगण्यामागे माझा एक अनुभव आहे. या कामातल्या माझ्या दुसऱ्या वर्षी मी एका कुटुंबाला तुमच्यासारखंच क्वीन्सटाउनहून पहाटे घेऊन निघाले. टे आनाऊला पोचल्यावर कळलं की रस्ता बंद, दुपारी कळवतील. दोन वाजता उघडला. पण तेव्हा पुढे जाऊन, बोट करून परत यायला मध्यरात्र झाली असती आणि त्यांचं दुसऱ्या दिवशी सकाळचं विमान होतं. आम्ही परत फिरलो. काकू गाडीत काही बोलल्या नाहीत, पण खिडकीबाहेर बघत त्या रडत होत्या हे मला आरशात दिसत होतं. त्यांनी या एका जागेसाठी तीन वर्षं पैसे साठवले होते. त्या दिवसापासून मी कुणालाच क्वीन्सटाउनहून एका दिवसाची सहल सुचवत नाही, विशेषतः घरात वयस्कर माणूस असेल तर.

हिशोब बघा. क्वीन्सटाउन ते मिलफर्ड एका बाजूने सुमारे २९० किलोमीटर, चार तास. तेही कुठे न थांबता. परतीचे चार. बोटीचे दोन. दहा तास झाले आणि वाटेत एकदाही उतरला नाहीत. आईंचे गुडघे आठ तास गाडीत आखडलेले राहतील. आणि ही वाट न थांबता जाण्याची नाहीच. माझ्या मते निम्मं मिलफर्ड या रस्त्यावरच आहे.

म्हणून असं करा. एका दिवसाऐवजी टे आनाऊला दोन रात्री ठेवा. क्वीन्सटाउन ते टे आनाऊ दोन-सव्वादोन तास. पहिल्या दिवशी दुपारपर्यंत तिथे पोचा, आराम करा. दुसरा दिवस मिलफर्डचा. तिसऱ्या दिवशी सकाळी परत. रस्ता बंद पडलाच तर तिसरा दिवस हाताशी राहतो. दोन रात्री अगदीच जमत नसतील तर निदान एक, पण परतीचं विमान त्याच्या लगेच दुसऱ्या सकाळी ठेवू नका. बुकिंग करताना बोटवाल्यांना एकच गोष्ट विचारा: रस्ता बंद झाला तर फेरी दुसऱ्या दिवसावर ढकलता येते का? ज्यांची तारीख बदलता येते त्यांचंच तिकीट घ्या, चार पैसे जास्त पडले तरी.

क्वीन्सटाउनहून छोट्या विमानाने जाण्याबद्दल बरेच जण विचारतात. चांगल्या हवेत ते दृश्य विसरता येत नाही. पण ढग उतरले की ती विमानं उडत नाहीत, आणि धबधबे जेव्हा रंगात असतात तेव्हा ढग उतरलेलेच असतात. तुमच्या मोजक्या दिवसांत मी त्यावर विसंबणार नाही.

रस्त्याबद्दल थोडं सविस्तर, कारण तुम्ही स्वतः गाडी चालवणार असं लिहिलंय. इथेही डावीकडूनच चालवतात आणि लायसन्स इंग्रजीत असेल तर चालतं, पण घाटाची सवय आहे म्हणून निश्चिंत राहू नका. अरुंद, एकाच गाडीपुरते पूल लागतात. पुलाआधी गोल पाटीवर तुमच्या दिशेचा बाण लहान आणि लाल असेल तर तुम्ही थांबायचं, समोरच्याला आधी येऊ द्यायचं. हॉर्न वाजवून कुणी पुढे जात नाही. टे आनाऊ सोडल्यावर थोड्याच वेळात मोबाइलची रेंज जाते, ती विसरायचीच. नकाशा आधी उतरवून घ्या. पेट्रोलची टाकी टे आनाऊलाच फुल करा. निघण्याआधी रस्ते खात्याच्या संकेतस्थळावर मिलफर्ड रोडची त्या सकाळची स्थिती बघा, आणि चाकांना लावायच्या साखळ्या सोबत ठेवायला सांगितल्या असतील तर भाड्याच्या गाडीत त्या आहेत याची खात्री करा. नोव्हेंबरात बहुधा लागणार नाहीत. पण ज्या दिवशी लागतात त्या दिवशी त्यांच्याशिवाय पुढे सोडत नाहीत. गाडी चालवायचं दडपण वाटत असेल तर टे आनाऊहून बसने जा. तुम्हालाही खिडकीबाहेर बघता येईल.

वाटेत एग्लिंटन खोऱ्यात थांबा. सपाट, सोनेरी गवताचा पट्टा आणि दोन्ही बाजूंना डोंगर, गाडीतून उतरल्या उतरल्या दिसतं, आईंना चालावं लागत नाही. मिरर लेक्सला लाकडी फळ्यांची वाट आहे, पाच-दहा मिनिटांची. पाऊस पडत असेल तर तिथे प्रतिबिंब दिसत नाही, तेव्हा वेळ घालवू नका, थेट पुढे मंकी क्रीक या ओढ्यापाशी जा. मग होमर बोगदा. १९३५ मध्ये मंदीच्या काळात बेरोजगारांच्या हातात कुदळ-फावडी देऊन काम सुरू केलं, त्यात हिमप्रपाताने माणसं गेली, आणि वाहनांना तो उघडला १९५४ मध्ये. सव्वा किलोमीटरचा, आतून ओबडधोबड खडकाचा, मिलफर्डकडे तीव्र उताराचा. आत छतातून पाणी टपकत असतं. हेडलाइट लावा, काळा चष्मा काढा. वर्दळीच्या वेळी सिग्नलला दहा-पंधरा मिनिटं थांबावं लागतं. पाऊस असेल तर बोगद्यातून बाहेर आल्यावर समोरच्या कातळाच्या कड्यावरून जिकडेतिकडे पाणी सुटलेलं दिसतं. तेरा वर्षांत शेकडो वेळा मी तिथून बाहेर पडले असेन, अजूनही गाडीतली माणसं त्या क्षणी एकदम गप्प होतात.

सिग्नलपाशीच तुम्हाला किआ भेटेल. हिरवट, मोठ्या आकड्यासारख्या चोचीचा डोंगरी पोपट. तो गाडीच्या टपावर उतरेल, दाराचं रबर ओढेल, वायपर चावेल. मुलीला हसू येईल, पण त्याला काहीही खायला देऊ नका. चकलीचा तुकडासुद्धा नाही. माणसाच्या खाण्याची चटक लागलेले किआ रस्त्यावर येतात आणि गाड्यांखाली मरतात. त्यांची संख्या आधीच घटत चालली आहे.

बोटीकडे वळते. मिलफर्डला वाहनतळापासून धक्क्यापर्यंत थोडं चालावं लागतं, त्यामुळे आईंना आधी धक्क्याच्या इमारतीपाशी उतरवून मग गाडी लावा, आणि बोटीच्या पाऊण तास आधी पोचा. साधारण अकरा ते दीड ही क्वीन्सटाउनच्या बसेसची वेळ, तेव्हा सर्वांत जास्त गर्दी. टे आनाऊहून सकाळी सातला निघालात तर त्याआधीची बोट मिळते. किंवा उलट करा, निवांत निघून तीनच्या सुमाराची घ्या. नोव्हेंबरात अंधार पडायला रात्रीचे नऊ वाजून जातात, म्हणजे परतीची वाट उजेडात होते. आईंसाठी मी दुसरा पर्याय घेईन.

बोट मोठी घ्या. लहान बोटी कड्याच्या जास्त जवळ जातात हे खरं, पण मोठ्या बोटीत खाली काचांनी बंद, उबदार जागा असते, स्वच्छतागृह असतं आणि आईंना जिना चढल्याशिवाय सगळं दिसतं. हा फियोर्ड साधारण पंधरा किलोमीटर लांब आणि काही ठिकाणी तीनशे मीटरच्या जवळ खोल. आत पाणी शांत असतं, त्यामुळे बोट लागण्याची भीती नको. फक्त टोकाला, जिथे तो तस्मान समुद्राला मिळतो, तिथे लाटा वाटतात, आणि समुद्र खवळलेला असेल तर कप्तान थोडं आधीच वळतो.

स्टर्लिंग धबधबा बहुतेक बोटी परतीच्या वाटेवर घेतात. बोटीचं नाक जवळजवळ पाण्याखाली नेतात. आधी गार वारा येतो, पडणाऱ्या पाण्यानेच ढकललेला, आणि तो चेहऱ्यावर आदळतो. मग तुषार. चष्म्यातून काही दिसेनासं होतं, बोलणं ऐकू येत नाही, ओल्या दगडाचा वास येतो. आकड्यांत हा धबधबा आपल्या दूधसागरच्या निम्माच. पण दूधसागर आपण समोरून, लांबून बघतो. इथे मान मागे टाकून वर बघावं लागतं आणि पाणी जिथून सुटतं त्याच्याही वर भिंत जातच राहते. डोळ्याला मापच मिळत नाही. दूरवर दुसरी बोट दिसली की मग कळतं, तांदळाच्या दाण्याएवढी दिसते ती. पुढच्या डेकवर जायचं असेल तर मोबाइल प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा आणि आईंना दाराच्या आत, काचेमागे उभं करा. तिथूनही आवाज अंगावर येतो.

प्राण्यांबद्दल खरं तेच सांगते. फर सील जवळजवळ नक्की दिसतील. खडकांवर लोळत असतात, मोजायला वेळ मिळतो. एकोणिसाव्या शतकात कातड्यासाठी त्यांची इतकी शिकार झाली की ते संपायला आले होते. या जागेला मिलफर्ड हे नावही सीलची शिकार करणाऱ्या एका कप्तानाने, जॉन ग्रोनोने, वेल्समधल्या मिलफर्ड हेवनवरून दिलं. बॉटलनोझ डॉल्फिन कधी येतात कधी नाही, कारण त्यांची फिरती एकाहून जास्त फियोर्डांत असते. पेंग्विनच्या बाबतीत मात्र तुमची तारीख बरी आहे. इथला पेंग्विन म्हणजे तवाकी, डोळ्यांवर जाड पिवळी भुवई असलेला. त्यांचा विणीचा हंगाम साधारण जुलै ते नोव्हेंबर, त्यामुळे पिल्लांसाठी ये-जा करणारे मोठे पेंग्विन तुमच्या आठवड्यात अजून किनाऱ्यावर असू शकतात. काळ्या खडकावर उभी, गुडघाभर उंचीची आकृती शोधायची. डोळे ताणून बघावं लागतं, म्हणून दुर्बीण आणा आणि मुलीला खात्रीचं वचन देऊ नका.

बोटीतून दिसत नाही असं एक आश्चर्य पाण्याखाली आहे, आणि तेही पावसाचंच. जंगलातल्या पाचोळ्यातून झिरपून आलेलं पावसाचं पाणी कोऱ्या चहासारखं तांबूस होतं. खाऱ्या पाण्यापेक्षा हलकं असल्यामुळे ते वर तरंगतं, काही मीटर जाडीचा थर होतो आणि खालचा उजेड अडतो. म्हणून एरवी खूप खोल, अंधारात वाढणारं काळं प्रवाळ इथे दहा मीटरवरच सापडतं. नाव काळं, पण जिवंत असताना ते पांढरं झाड दिसतं. काळा असतो तो आतला सांगाडा. हॅरिसन कोव्हमध्ये पाण्याखाली उतरून बघायची तरंगती वेधशाळा आहे, काही बोटी तिथे थांबतात. खाली जायला गोल जिना आहे. तुम्ही आणि मुलगी जा. आईंना तो जिना उतरायला-चढायला लावू नका.

कपड्यांत एकच गोष्ट महत्त्वाची: छत्री नको, टोपीचा रेनकोट हवा. वाऱ्यात छत्री उलटते. आत लोकरीचा किंवा फ्लीसचा एक थर आणि प्रत्येकासाठी सुक्या मोज्यांची जादा जोडी. डेक ओला असतो, आईंना रबरी तळाचे, घट्ट बसणारे बूट द्या, चपला नकोत. आणि सँडफ्लाय. चिलटाएवढी काळी माशी, चावली की आठवडाभर खाज. माओरी कथेत तू-ते-राकी-व्हानोआ याने आपल्या वाकसाने हे कडे कोरले, ते इतके सुंदर झाले की माणसं इथेच राहून बसतील म्हणून हिने-नुई-ते-पो या देवीने ही माशी सोडली. धक्क्यावर आणि थांब्यांवर ती सर्वांत त्रास देते, ढगाळ आणि वारा नसलेल्या हवेत जास्त. जोराच्या पावसात आणि वाऱ्यात नसते, चालत्या बोटीवरही नसते. टे आनाऊच्या दुकानातून औषधाची बाटली घ्या आणि घोट्यांना लावायला विसरू नका, तिथेच ती आधी बसते.

दिवाळी नुकतीच झालेली असेल, तेव्हा बॅगेत फराळ असणारच. विमानतळावर तो जाहीर करा. फॉर्मवर खाण्याचे पदार्थ आहेत का विचारतात, तिथे 'हो' लिहा आणि अधिकाऱ्याला डबा दाखवा. लाडू, चिवडा, लोणचं काय ठेवायचं काय काढून घ्यायचं ते तेच ठरवतात. जाहीर केलेल्या वस्तूवर दंड नसतो. न सांगता सापडलं तर जागच्या जागी ४०० न्यूझीलंड डॉलर. सहलीची सुरुवात अशी झालेली मी पाहिली आहे, अख्खा पहिला दिवस त्यातच जातो. मिलफर्डच्या दिवसासाठी जेवण मात्र टे आनाऊहूनच बांधून घ्या, पुढे शाकाहारी माणसाला फार काही मिळत नाही.

समजा, एवढं करूनही रस्ता दोन्ही दिवस बंद राहिला. तरी टे आनाऊत दिवस वाया जात नाही. तळ्याकाठी पक्ष्यांचं एक छोटं अभयारण्य आहे, तिथे ताकाहे बघायला मिळतो. निळा-हिरवा, लाल चोचीचा, न उडणारा पक्षी. तो नामशेष झाला असं सगळे मानून बसले होते, आणि १९४८ मध्ये जेफ्री ऑर्बेल या डॉक्टरांना याच तळ्यापलीकडच्या मर्चिसन डोंगरात तो जिवंत सापडला. सपाट वाट आहे, आईंना सहज जमेल. मुलीसाठी तळ्यापलीकडे काजव्यासारख्या चमकणाऱ्या अळ्यांच्या गुहा आहेत; वाकून जाण्याचा थोडा भाग लागतो, तेव्हा आईंनी तिथे न गेलेलं बरं. डाउटफुल साउंडचंही कुणी सुचवेल. तो जास्त लांब, जास्त शांत, मलाही फार आवडतो. पण मानापौरी तळ्यावरून बोट, मग बसने घाट, मग पुन्हा बोट, असा पूर्ण दिवस जातो. पहिल्या भेटीत, आईंबरोबर, मिलफर्डच करा.

क्रम असा ठेवा: टे आनाऊच्या दोन रात्री आधी पक्क्या करा, मग तारीख बदलता येणारं बोटीचं तिकीट, मग गाडी की बस ते ठरवा. पाऊस किती पडणार हे बघायचंच असेल तर दोन दिवस आधी बघा, त्याच्या आधीचं सगळं अंदाजपंचे.

तुमचं विमान क्वीन्सटाउनला उतरतंय की ख्राइस्टचर्चला, ते लिहिलं नाहीत. ख्राइस्टचर्च असेल तर पहिल्याच दिवशी टे आनाऊ गाठण्याचा प्रयत्न करू नका, वाटेत एक मुक्काम लागेल. तारखा कळवा, म्हणजे कोणत्या दिवशी कुठे राहायचं ते नीट सांगते. आणि मुलीला एक छोटी वही-पेन्सिल द्या. धबधबे मोजायला लागतील.